शाईपासूनचे अंतर पाहावे
रेडिएशन पूर्ण झाले की गुदाशयाचा कर्करोग त्याच जागी परत येत नाही, हे या चर्चेत वर कोणीतरी केलेले विधान मला अर्धेच मान्य आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी ५ दिवस किरणोपचार दिल्याने २ वर्षांतील स्थानिक पुनरुद्भव, म्हणजे त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण, ८.२ वरून २.४ टक्क्यांवर आला हे खरे. परंतु त्यात किरणोपचार घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही गटांतील शस्त्रक्रिया इंग्लंडमधील बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी रूढ केलेल्या पद्धतीने, म्हणजे गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण न फाडता अखंड काढून, करायची होती, आणि निम्मे श्रेय तरी त्या हातांना द्यायला हवे.

येथे सगळे सीईएबद्दलच, म्हणजे कर्करोग परतल्याचा संकेत शोधणाऱ्या रक्तचाचणीबद्दलच, विचारत आहेत, शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी अहवाल मात्र कोणी उघडलेला दिसत नाही. काढलेल्या भागाच्या बाहेरील पृष्ठभागाला शाई लावून, त्याचे आडवे काप घेऊन, गाठ त्या शाईपासून किती दूर आहे हे मोजलेले असते. ते अंतर १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असल्यास त्याच जागी पुनरुद्भवाचा धोका स्पष्टपणे वाढतो. अशा रुग्णाला बसताना माकडहाडापाशी दुखू लागले किंवा पायात उतरणारी नवी कळ सुरू झाली, तर सीईए नॉर्मल असला तरी ओटीपोटाच्या एमआरआयविषयी सर्जनांना विचारावे.