रोमन खांबांच्या माथ्यावरची पानं: त्यातली भोकं मुद्दाम पाडलेली का?

ग्राफवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोडला चादरींच्या जकार्डचे (नक्षी विणणाऱ्या मागाचे) ग्राफ, म्हणजे चौकटीच्या कागदावरचे नमुने, काढतो. मोर झाले, फुलांचे पट्टे झाले. यंदा किनारीला रोमन संगमरवरी खांबांच्या माथ्यावरची अकँथस या झुडपाची पानं घ्यायचं मनात आहे. फोटो मोठा केला की पानाची एक पाकळी दुसरीवर चढते तिथं थेंबाएवढं भोक दिसतं. हे झिजल्यामुळे की मुद्दाम पाडलेलं? मुद्दाम असेल तर मला ते सोडून चालणार नाही. पानं एकूण किती तेही सांगा, फोटोत मागची बाजू येत नाही. रंग मला दोनच मिळणार आहेत.

टाकी_हातोडी
मुद्दामच, दादा. मी देवळांच्या जीर्णोद्धाराचं दगडकाम करतो, ही भोकं बघूनच मी या कामाच्या प्रेमात पडलो. ती गिरमिटानं पाडलेली असतात. रोमच्या पँथिऑनचे दर्शनी खांब बघा. अखंड ग्रॅनाइटचा दांडाच सुमारे १२ मीटर, त्यावर ग्रीसहून आणलेल्या पेंटेलिक संगमरवराचा माथा. पांढऱ्या पानावर पांढरं पान, वर लख्ख ऊन. खालून बघणाऱ्याला दोन्ही वेगळी कळणार कशी? भोकात काळोख साठतो आणि पानाची कड सुटी होते. कारागिरानं सावलीच कोरली आहे! आपल्या हत्तरसंग कुडलच्या देवळात खांबाला हात लावून नक्षी बघता येते, तिथं याची गरजच नाही.
पानं खाली आठ, वर आठ. वरची खालच्यांच्या फटीतून उगवतात. मधून देठ निघतात, त्यांची मोठी वेटोळी चार कोपऱ्यांना जातात, लहान वेटोळी मधे भेटतात. सगळ्यात वर आत वळलेल्या कडांची पाटी, प्रत्येक बाजूच्या मध्यावर फूल.

रेषा_आणि_रंग
माप हवं असेल तर विट्रुव्हियस या जुन्या रोमन वास्तुकाराचं घ्या, ग्राफ कागदासाठीच केल्यासारखं आहे. माथ्याच्या उंचीचे सात भाग करायचे. वरची पाटी एक भाग. उरलेल्या सहांचे तीन सारखे हिस्से: खालची पानं, वरची पानं, देठ-वेटोळी. म्हणजे १४० घरं उंची धरली तर पाटी २० आणि बाकी तिन्ही ४०-४०. प्रत्यक्षातले माथे असे काटेकोर नसतात, पण सुरुवातीला हे बरं.
दुसरं, पान कोणतं घेताय? पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातलं पान मऊ, गोलसर. आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) कारागिरांचं पान टोकदार, इ.स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात ते खूप चाललं. त्यात शेजारच्या दोन पानांची टोकं एकमेकांना टेकतात आणि मधल्या फटीत काळे त्रिकोण, चौकोन तयार होतात. जकार्डला गोलाई पायऱ्यापायऱ्यांनी काढावी लागते, म्हणून मी तरी हेच घेईन.

ग्राफवाला_सोलापूर
ताई, टोकदारच घेतो. जमीन मरून रंगाची, पानं पांढरी, आणि फटीतून जमीनच दिसू देतो. तिसरा रंग लागतच नाही. फक्त कोपऱ्याची वेटोळी आडव्या पट्ट्यात कशी बसवू?

टाकी_हातोडी
माथा कोनातून काढू नका, समोरून काढा. दोन्ही टोकांना अर्धं अर्धं वेटोळं ठेवा, शेजारच्या माथ्याचं अर्धं त्याला येऊन जुळेल. पहिला नमुना विणलात की फोटो टाका, भोकांची जागा मी तपासून देतो.