जपानी फझ-वाह म्हणजे 'स्वस्तातली नक्कल'? जरा थांबा

तारेवरचा: फझ-वाह म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारा फझ आणि पायानं हलवत 'वाव-वाव' करणारा वाह, दोन्ही एकाच पेडलात. काल एकानं ठोकून दिलं, "सत्तरच्या दशकातले जपानी फझ-वाह म्हणजे स्वस्तातली नक्कल, उगाच भाव चढलेत, दोन वेगळी पेडलं घ्या नि सुटा." रात्रभर डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहितोच. शिन-एई या जपानी कंपनीचा सुपर-फझ कशाची नक्कल? सिग्नलच्या दोन उलट प्रती करून त्यांचे अर्धे-अर्धे भाग जोडले की वरचं सप्तक उमटतं. नेक पिकअप, बारावा फ्रेट, वाजवून बघा. 'द हू' बँडचा पीट टाउनशेंड काय स्वस्त पडतो म्हणून वापरत होता? आणि युनि-व्हाइब हे आवाज हेलकावणारं पेडल बनवणारे फुमिओ मिएदा यांनी सांगितलंय की रेडिओवर मॉस्कोचं स्टेशन लाटांसारखं येत-जात असे, त्यावरून सुचलं. नक्कल म्हणे!

बेसूर_बाळ्या: ते मीच लिहिलं होतं. विषय फझ-वाहचा, आणि तुम्ही सुपर-फझ, युनि-व्हाइब काढून बसलात. यात वाह कुठाय? एका डब्यात क्रम कायमचा ठरलेला. फझनंतर वाह आला तर आवाज आ वासून ओरडतो, आधी आला तर दबकत बोलतो. मला दोन्ही लागतं. रोलंडच्या डबल बीट या फझ-वाहमध्ये क्रम बदलायला मधली केबल कुठून काढू?

तारेवरचा: फझ फेससारखं फझ पेडल वाहनंतर लावा, वाहचा जीवच जातो. मग मध्ये बफर (सिग्नल सांभाळणारं छोटं सर्किट) घाला. डब्यात ही भांडणं कारखान्यातच मिटलेली असतात.

ओसाकाकर: मी ओसाकात सहा वर्षं होतो. हार्ड ऑफ या जुन्या वस्तूंच्या दुकानात जंकमध्ये (मोडक्या मालात) एक फझ-वाह दिसला, ३,००० येन. पाय हलवला की तापल्या तेलात मोहरी टाकल्यागत खरखर, आणि टाच पूर्ण दाबली तरी वाह अर्ध्यातच अडकायचा. उघडलं तर दातेरी पट्टी पॉटच्या (पायाबरोबर फिरणाऱ्या रोधकाच्या) चक्रीवर भलत्याच दातात बसलेली. चक्री सरकवली, पॉटमध्ये क्लीनर मारला. आता मस्त वाजतो.

जुनं_ते_सोनं: क्लीनर?? आतलं ग्रीस धुऊन काढलंत!

ओसाकाकर: वाजवायला आणलाय हो, देव्हाऱ्यात ठेवायला नाही.

जुनं_ते_सोनं: तुमच्यासारख्यांमुळेच वाट लागते. माझ्या मित्राच्या वाहचा इंडक्टर (आतलं तारेचं वेटोळं) पुण्यात एका दुरुस्तीवाल्यानं न विचारता बदलला, जुना कचऱ्यात. इंडक्टर म्हणजे वाहचा गळा! चार वर्षं झाली, अजून विषय निघाला की तो जेवत नाही.

कपॅसिटर_काका: पुरे झाला इंडक्टरचा जप. ५० वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकून चिंच झालेत त्यांचं काय? मुंबईत लॅमिंग्टन रोडला किरकोळ पैशात नवे मिळतात. तुम्ही ज्याला 'विंटेज टोन' म्हणता तो निम्मा बिघाड आहे.

जुनं_ते_सोनं: काका, तुम्ही वाजवता की नुसते सोल्डरिंगचे डाग मारता?

कपॅसिटर_काका: तुझ्या जन्माआधीपासून वाजवतोय. वय काढू नकोस.

बेसूर_बाळ्या: म्हणजे लोक बिघाडाचे पैसे मोजतात. मी वेगळं काय म्हणत होतो?

तारेवरचा: बिघाड तर बिघाड. जीझस अँड मेरी चेन या बँडनं १९८५ साली शिन-एईच्या पेडलमधून तोच गोंगाट काढून दाखवला. तुमच्या दोन पेडलांतून काढा बघू.

बेसूर_बाळ्या: बरं बाबा, 'नक्कल' मागं घेतो. 'महागडा गोंगाट' चालेल? क्रमाचं उत्तर मात्र अजून दिलं नाहीत.

तारेवरचा: क्रमाचं मान्य. खूश?

जुनं_ते_सोनं: ओसाकाकर, पुढंमागं तो पॉट बदललात तर जुना फेकू नका. मी येऊन घेऊन जाईन.