टॅरोमधे हर्मिट कार्ड आलं म्हणजे आयुष्यभर एकटं राहणार असं असतं का?

चाळीतली_खिडकी
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या ऑफिसातली एक ताई लंच टाईमला टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य, बघते, मागच्या मंगळवारी सगळ्याजणी बघून घेत होत्या म्हणून मी पण बसले. पुण्याहून ऑफर आलीय ती घेऊ का, इथली नोकरी ९ वर्षांची आहे, असा प्रश्न होता. तीन पत्ते काढले, मधला आला हर्मिट, म्हणजे एकांतात राहणारा. राखाडी झगा घातलेला म्हातारा, एका हातात काठी, एका हातात कंदील, पायाखाली बर्फ आणि आजूबाजूला कुणी म्हणजे कुणीच नाही. ताई जरा गप्प झाली आणि म्हणाली, तू एकटी पडणार आहेस. बस एवढंच, मग तिला फोन आला आणि ती उठून गेली.

घरी येऊन नेटवर मराठीत शोधलं तर जिथे बघावं तिथे 'संन्यासी'. आई मागे उभी होती तिने वाचलं. मी ३४ची, स्थळं बघणं चालू आहे, त्यात हे. दुसऱ्या दिवशी देवापाशी दिवा लावताना डोळे पुसत होती.

पण मला डाचतंय ते वेगळंच. तो पत्ता बघून मला भीती नाही वाटली, हेवा वाटला. आम्ही लालबागला १० बाय १२च्या खोलीत पाच जण, मी माळ्यावर झोपते, सकाळी ट्रेनमधे उभं राहायला जागा नसते, ऑफिसात शेजारची खुर्ची हातभर अंतरावर. एकटी अशी मी कधी असतच नाही. मग हेवा वाटतो म्हणजे मी एकलकोंडी आहे का? आणि ह्या कार्डाचा खरा अर्थ काय, जाणकारांनी सांगा प्लीज.

मुलुंडकर
आधी आईंना सांगा की घाबरण्यासारखं काही नाही. अर्धवट बोलून उठून जायला नको होतं त्या ताईंनी, रीडिंग करणाऱ्याने समोरच्याला असं लटकत ठेवू नये, माझं ह्याबाबतीत फार ठाम मत आहे.

हर्मिटला संन्यासी म्हणणं मला कधीच पटलं नाही. आपल्याकडे संन्यास घेतला की घरदार सुटलं, परत येणं नाही. ह्या पत्त्यात तसं काही नाहीये. तुम्ही वर्णन केलंत त्यावरून डेक म्हणजे पत्त्यांचा संच रायडरचा दिसतोय, १९०९ साली लंडनला आलेला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ ह्या बाईंची. आता त्यात कंदील नीट बघा, आत सहा टोकांची चांदणी आहे. फ्रान्समधल्या जुन्या मार्सेय पद्धतीच्या पत्त्यांत तो कंदील थोडा झग्याआड गेलेला असतो, इथे मात्र पूर्ण उघडा, हात पुढे करून धरलाय. वेटने स्वतः लिहिलंय की हा पत्ता लपून बसण्याचा नाही, काहीतरी गवसल्याचा आहे. म्हातारा शिखरावर पोचलेला आहे आणि मान खाली घालून बघतोय, म्हणजे मागून चढणाऱ्यांना उजेड दिसावा म्हणून उभा आहे असंच मी ते वाचतो. ज्याला माणसं नकोत तो कंदील कशाला धरेल?

आणि अजून मागे गेलात तर १५व्या शतकात इटलीत हाताने रंगवलेले पत्ते होते, त्यात ह्या म्हाताऱ्याच्या हातात कंदील नव्हताच, वाळूचं घड्याळ होतं! म्हणजे तो काळ दाखवणारा म्हातारा. त्यामुळे नोकरीच्या प्रश्नाला हा आला की मी 'हो' पण म्हणत नाही आणि 'नाही' पण म्हणत नाही, वेळ मागून घे आणि दहा जणांना विचारणं थांबव असं सांगतो. ह्याचा नंबर ९, पुढचा १० म्हणजे व्हील ऑफ फॉर्च्यून, नशिबाचं चाक, चाक फिरायच्या आधीचा थांबा समजा. पत्ता सुलटा आला होता की उलटा? उलटा आला तर माणसांपासून तुटत जाणं, कोंडून घेणं असा अर्थ लावतात.

बोरिवली_फास्ट
मला टॅरोतलं काही कळत नाही पण तो हेवा वाटला म्हणालीस ना तिथे थांबले. बाबा गेले तेव्हा दीड महिना घरात माणसंच माणसं, सगळी प्रेमाने आलेली, पण मला रडायला कोपरा नव्हता. एका सकाळी कुणालाही न सांगता नॅशनल पार्कात गेले आणि बसने कान्हेरीला उतरले. शंभरावर लेणी आहेत तिथे, गर्दी असते ती ३ नंबरच्या चैत्यापाशी, म्हणजे प्रार्थनेच्या मोठ्या लेण्यापाशी, वर चढत गेलीस की कुणी नसतं. एका लहान लेण्यात जाऊन बसले. एका माणसापुरती खोली, झोपायला दगडातच कोरलेला ओटा, बाहेर पाण्याची पोढी, म्हणजे दगडात कोरलेलं टाकं. दोन तास बसले असेन, बाहेर पडले तेव्हा बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा भूक लागली होती.

नंतर ह्या लेण्यांबद्दल मिळेल ते वाचायला लागले. तिथले बौद्ध भिक्षू एरवी हिंडायचे आणि पावसाळ्यात एका जागी राहायचे. पण जगाला कंटाळून जंगलात गेले असं नव्हतं, शिलालेखांत कल्याणचे, सोपाऱ्याचे दानी लोक आहेत, व्यापारी आहेत, त्यांच्या पैशातून ह्या खोल्या आणि पोढ्या झाल्या. शिवाय सगळ्यांनी एकत्र बसायला ११ नंबरचं मोठं दरबार लेणं आहे. म्हणजे आपापली खोली पण होती आणि एकत्र बसायची जागा पण. तुला पहिली मिळत नाहीये एवढंच आहे गं, त्याला एकलकोंडी नाही म्हणत. एकलकोंड्या माणसाला घरच्यांची काळजी नसते, तू तर आईच्या डोळ्यातलं पाणी बघून इथे लिहायला आलीस.

साधा_माणूस
माझा पत्त्यांवर विश्वास नाही, स्पष्टच सांगतो. टॅरो हा मुळात इटलीतला पत्त्यांचा खेळ, भविष्य बघायची पद्धत फ्रान्समधे १८व्या शतकात रूढ झाली. ७८ पत्त्यांतला एक मधे आला म्हणून कुणाचं लग्न अडत नाही. पण वरच्या दोघांनी लिहिलंय ते मनापासून पटलं. पुण्याच्या ऑफरमधे हातात किती येणार, भाडं किती जाणार, हे एकदा कागदावर मांड. आणि तिथे स्वतःची वेगळी खोली मिळणार म्हणून मन ओढतंय का ते पण बघ, ते कारण लहान नाहीये.

चाळीतली_खिडकी
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री माळ्यावर मोबाईलच्या उजेडात दोनदा वाचलं. पत्ता सुलटाच होता. साधा_माणूस, खोलीचं तुम्ही बरोबर ओळखलंत, मी स्वतःशी पण ते कबूल केलं नव्हतं. आज आईला चित्र दाखवून कंदिलाचं सगळं सांगितलं, ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, मग हा वाट दाखवणारा आहे असं सांग की, संन्यासी कशाला म्हणतात. रात्री नीट जेवली. पुण्याला मेल टाकून महिनाअखेरपर्यंत वेळ मागितलाय. रविवारी सकाळी कान्हेरीला जाईन म्हणते, दादरहून बोरिवली आणि मग पूर्वेला ना?

बोरिवली_फास्ट
हो पूर्वेला, गेट जवळच आहे. लवकर निघ, ऊन चढलं की दगड तापतात. सोमवारी बंद असतं, रविवार चुकला तर लक्षात ठेव. पिशवीची चेन लावून ठेव, माकडं आहेत. आणि ३ नंबरपाशी थांबू नकोस, पायऱ्यांनी वर जा.