फाशी रद्द करावी असं मला वाटतं, आणि त्याचं कारण दया नाही

पाऊलवाट :
एखादी भयंकर बातमी आली की 'भर चौकात लटकवा' हे माझ्याही तोंडून निघतं. तेव्हा गुन्हेगारांचा कळवळा आला म्हणून धागा काढलाय, असं कुणी समजू नये. काही माणसं मरायच्याच लायकीची असतात हे मी मनापासून मानतो. माझी अडचण त्याच्या पुढची आहे. ती माणसं नेमकी कोणती, हे ठरवायचं काम आपण ज्या यंत्रणेवर सोपवलंय, तिला सातबाऱ्यावरचं नाव धड लावता येत नाही.

दोन खटले सांगतो, मग हवे तेवढे दगड मारा.

पहिला उत्तर प्रदेशातला, हरबन्स सिंग खटला. एकाच हत्याकांडात तिघे दोषी, तिघांनाही फाशी. सुप्रीम कोर्टात तिघांचे अर्ज वेगवेगळे गेले, वेगवेगळ्या खंडपीठांपुढे. एकाची फाशी कायम राहिली. दुसऱ्याची जन्मठेपेत बदलली. तिसऱ्याचा अर्ज फेटाळला, राष्ट्रपतींनी दयाही नाकारली. पहिल्याबरोबर एकाच दिवशी तो फासावर जायचा होता. आयत्या वेळी त्याने पुन्हा कोर्टाचं दार ठोठावलं म्हणून वाचला. १९८२ मध्ये कोर्टानेच त्याची शिक्षा कमी करण्याची शिफारस केली. पहिला मात्र ऑक्टोबर १९८१ मध्येच गेला होता. फाईल कुठल्या न्यायमूर्तींपुढे पडली, एवढाच काय तो फरक.

दुसरा आपल्याकडचा. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात दरोडा, खून आणि बलात्काराचा अंगावर काटा आणणारा प्रकार घडला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची जन्मठेपेवर आणली. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये ती पुन्हा फाशीवर नेली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं! प्रत्येकी पाच लाख भरपाई. त्यातला एक तर गुन्हा घडला तेव्हा अल्पवयीन होता, हेही नंतर कळलं.

२००९ ते २०१९ या दहा वर्षांत ते जिवंत राहिले ते केवळ आपल्या कारभाराच्या दिरंगाईमुळे. जे लोक 'निकाल लागला की महिन्याभरात लटकवा' म्हणतात, त्यांचं ऐकलं असतं तर आज पाच लाख कुणाच्या हातात ठेवले असते?

कडक चहा :
लेख चांगला, निष्कर्ष चुकीचा. डॉक्टरच्या चुकीने माणूस दगावतो म्हणून आपण शस्त्रक्रिया बंद करत नाही. तपास सुधारा, पोलिसांना जबाबदार धरा. शिक्षाच काढून टाकणं म्हणजे ढेकणापायी घर जाळणं.

आणि जन्मठेपेचं कौतुक मला सांगू नका. चौदा वर्षं, मध्ये पॅरोल, फर्लो, चांगल्या वर्तणुकीची सूट. ज्या आईची मुलगी गेली तिने पंधराव्या वर्षी तोच माणूस एसटीत शेजारी बसलेला बघायचा का?

उंटावरचा शहाणा :
एसटीत जागा मिळाली तर! (चालू द्या.)

तळटीप :
वकिली करते, म्हणून एक दुरुस्ती. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हे कायद्यात कुठेही नाही. गोपाळ गोडसे यांच्या खटल्यात १९६१ सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. चौदा वर्षं ही खुनासारख्या गुन्ह्यात सरकारने सुटकेचा विचार करण्याआधी किमान भोगायची मुदत आहे. २००८ च्या श्रद्धानंद खटल्यापासून तर 'अमुक वर्षं सूट नाही' किंवा 'मरेपर्यंत आत' असं कोर्ट लिहून देऊ शकतं.

कडक चहा :
कागदावर. २०२२ मध्ये गुजरात सरकारने सामूहिक बलात्कार आणि खुनांतल्या अकरा जन्मठेपवाल्यांना सोडलं, लोकांनी हार घातले. ते कुठल्या पुस्तकात बसतं?

तळटीप :
कुठल्याच नाही. म्हणून तर जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सुटका रद्द करून त्यांना परत तुरुंगात पाठवलं. चूक झाली, दुरुस्त झाली. दुरुस्त करायला माणूस जागेवर होता, एवढंच मला म्हणायचंय.

आता मूळ मुद्द्यात भर. १९८० च्या बचन सिंग निकालाने फाशी 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणांपुरती ठेवली. पाच न्यायमूर्तींत एकटे भगवती विरोधात होते. त्यांचं म्हणणं होतं की हे शेवटी न्यायाधीशाच्या मनोवृत्तीवर ठरणार. तसंच झालं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःच कबूल केलं की १९९६ चा त्यांचा एक निकाल बचन सिंगला धरून नव्हता, आणि त्याच्या आधारे पुढे आणखी फाशा दिल्या गेल्या. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली की अशा तेरा जणांची फाशी रद्द करा. ज्याच्या खटल्यातून ही चूक सुरू झाली, त्याला फाशी देऊन तोवर सोळा वर्षं झाली होती.

जाता जाता : ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी फाशीच रद्द करण्याला आपली पसंती असल्याचं सांगितलं होतं. बाबासाहेबांचा फोटो लावून फाशीसाठी मोर्चे निघतात तेव्हा मला हे आठवतं.

रोखठोक :
सगळं मान्य, पण दहशतवाद्यांचं काय? १९९९ ला अतिरेक्यांनी आपलं विमान पळवून कंदहारला नेलं आणि प्रवाशांच्या बदल्यात आपण तुरुंगातल्या मसूद अझहरला सन्मानाने पोचवून आलो. कसाब जन्मठेपेत येरवड्यात बसला असता तर उद्या एखादी शाळेची बस ओलीस धरली गेली नसती कशावरून? विधी आयोगाने २०१५ मध्ये फाशी रद्द करायची शिफारस केली, तेव्हाही दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं हे गुन्हे वगळले. उगाच नाही.

पाऊलवाट :
फाशीच्या बाजूचा मला सर्वांत जड वाटणारा मुद्दा हाच. तरी एक बघा. मसूद अझहर १९९४ पासून आपल्या ताब्यात होता आणि सुटेपर्यंत त्याला फाशी सुनावलेली नव्हती. म्हणजे कायद्यात फाशी असूनही कंदहार झालंच. कसाबसाठी अपवाद ठेवा म्हणालात तर मी जीव तोडून भांडणार नाही. भीती एवढीच की अपवादाच्या दारातून पुढे कोणकोण आत घेतलं जाईल.

सायंतारा :
मी लहान मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. २०१८ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद झाली तेव्हा टाळ्या पडल्या. आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत आरोपी अनोळखी क्वचितच असतो. काका, शेजारी, आजोबा, शिकवणीचे सर. 'तुझ्या बोलण्याने काकाला फाशी होईल' हे वाक्य घरातलीच बाई पोरीला ऐकवते. पोर गप्प बसते. आणि बलात्काराला नि खुनाला शिक्षा एकच असेल, तर साक्षीदार जिवंत ठेवण्यात त्या माणसाचा फायदा काय? निर्भयानंतर कायदे सुधारायला नेमलेल्या वर्मा समितीने बलात्कारासाठी फाशी सुचवली नव्हती, ती समिती काही बलात्काऱ्यांची मैत्रीण नव्हती.

रोखठोक :
म्हणजे धाकच नको?

सायंतारा :
धाक पकडले जाण्याचा असतो. कॅनडाने १९७६ मध्ये खुनासाठीची फाशी काढली. त्यानंतर तिथलं खुनांचं प्रमाण वाढलं नाही, पुढच्या दशकांत कमीच झालं. फाशी काढल्यामुळे कमी झालं असं मी म्हणत नाही. पण आभाळही कोसळलं नाही.

कडक चहा :
धाकाबद्दल मी बोललोच नव्हतो. माझा मुद्दा न्यायाचा आहे. एखाद्या कृत्याला एकच उत्तर शोभतं, आणि समाजाने ते देण्याचं धैर्य दाखवावं. २० मार्च २०२० ला पहाटे तिहारमध्ये निर्भयाच्या चौघा गुन्हेगारांना फाशी झाली तेव्हा मी जागा होतो. आनंद नाही झाला, पण हिशेब पुरा झाल्यासारखं वाटलं. ते वाटणं खोटं होतं असं मला कुणी सांगू नये.

पाऊलवाट :
खोटं नव्हतं. मीही जागा होतो. पण तो हिशेब किती जणांचा पुरा होतो? २००० सालापासून देशात फक्त आठ जणांना फाशी झाली. उलट एकट्या २०२२ मध्ये खालच्या कोर्टांनी १६५ जणांना ती सुनावली. यातल्या बहुतेकांची वरच्या कोर्टांत टिकत नाही, पण तोवर पीडितांचं घरही फाशीच्या कोठडीतल्यासारखंच तारखा मोजतं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी २०२२ मध्ये रद्द झाली ती निव्वळ सरकारने दयेच्या अर्जानंतर लावलेल्या विलंबामुळे. 'फाशी होणार, फाशी होणार' असं वीस वर्षं ऐकवून शेवटी त्या आईबापांच्या हाती काय दिलं आपण?

कडक चहा :
तो नाशिकचा २०१९ चा निकाल काल रात्री शोधून वाचला. मत बदललेलं नाही, आधीच सांगतो. पण एक गोष्ट तुम्ही लिहिली नव्हती. त्या हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी लगेचच पोलिसांच्या अल्बममधून चार जणांचे फोटो ओळखले होते. या सहांपैकी एकही त्यात नव्हता. त्या चौघांना अटकसुद्धा झाली नाही.

त्यांचं पुढे काय झालं, कुणाला माहीत आहे का?