उपचारांनंतरचा व्यायामवर्ग: ताईने जावे का?

प्रश्न: न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या ताईचे स्तनाच्या कर्करोगावरील उपचार नुकतेच पूर्ण झाले. काखेतील लसिकाग्रंथी (लिम्फ नोड्स) काढल्यामुळे हाताला सूज येईल, या भीतीने ती दुधाचा गॅलनही (सुमारे पावणेचार लिटर) उचलत नाही. वायएमसीए या सामाजिक संस्थेच्या, कर्करोगाच्या रुग्णांसाठी असलेल्या ‘लिव्हस्ट्राँग’ व्यायामवर्गाला तिने जावे का?

उत्तर १: अवश्य जावे, पण आधी डॉक्टरांची लेखी संमती घ्यावी. हा कार्यक्रम बारा आठवड्यांचा असून आठवड्यातून दोनदा लहान गटात, प्रशिक्षित मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली चालतो. शुल्क बहुधा नसते किंवा अल्प असते. माझ्या आईला तिथल्या मैत्रिणींनी जितके सावरले, तितके आम्हा घरच्यांनाही जमले नव्हते.

उत्तर २: भीती स्वाभाविक आहे, वर्षानुवर्षे रुग्णांना वजन उचलू नका असेच सांगितले जाई. मात्र फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी, आधीच सूज असलेल्या 141 स्त्रियांवर केलेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेल्याने सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. सूज नसलेल्या स्त्रियांवरील 2010 च्या अभ्यासातही धोका वाढलेला दिसला नाही. ‘हळूहळू’ हा शब्द ताईंनी मनावर घ्यावा: अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करावी, आणि हात जड वाटला किंवा अंगठी घट्ट झाली, तर त्याच दिवशी मार्गदर्शकांना सांगावे.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. उद्याच तिच्या डॉक्टरांशी बोलते. पहिल्या दिवशी मीही तिच्यासोबत जाईन.