पतसंस्थेची नवी संगणक प्रणाली : चाचणी कशी आणि किती दिवस करावी?

खतावणी यांचा प्रश्न
आमची तालुक्याच्या गावची पतसंस्था आहे. सोळा वर्षे वापरलेली प्रणाली बदलून आम्ही एका लहान कंपनीकडून नवी करून घेतली असून ती १ एप्रिललाच सुरू करावी, असा संचालक मंडळाचा आग्रह आहे. जुनी नावे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होती, ती कंपनीने युनिकोडमध्ये (अक्षरे साठवण्याच्या जागतिक प्रमाण पद्धतीत) आणून दिली. परवा चाचणीसाठी काही सभासदांना बोलावले होते. गोऱ्हे आडनावाच्या एक आजी पासबुक हातात धरून खिडकीपाशी उभ्या असताना रोखपालाने त्यांचे नाव टंकले, तर पडद्यावर ‘असे खाते नाही’ असे आले. खाते क्रमांक घातल्यावर मात्र तेच नाव, त्याच अक्षरांत दिसले. आजींचा चेहरा उतरला. हे कशामुळे झाले? आणखी काय तपासावे, आणि दोन्ही प्रणाली किती काळ बरोबर चालवाव्यात?

बाराखडी यांचा प्रतिसाद
गोऱ्हे, कऱ्हाडे यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जातो : एकदा नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, आणि एकदा साध्या र ला हलन्त व त्यापुढे न दिसणारा जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे असतात. बहुधा परिवर्तनात एक रूप आले असेल आणि तुमचा कळफलक दुसरे टंकत असेल. युनिकोडच्या प्रमाण सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या ठरलेल्या प्रक्रियेने, ही रूपे एक होत नाहीत, म्हणून नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी ते एकाच रूपात आणण्याचा नियम कंपनीकडून लिहून घ्यावा. हा दोष काल्पनिक नावांवर चाचणी घेऊन सापडत नाही. त्यासाठी खरी यादीच लागते.

तेरीज यांचा प्रतिसाद
व्याजाकडे मी जास्त लक्ष देईन. १०,००० रुपयांवर ८.५ टक्क्यांनी जानेवारी ते मार्च २०२४ या ९१ दिवसांचे व्याज काढून पाहा : वर्ष ३६५ दिवसांचे धरले तर २११ रुपये ९२ पैसे, ३६६ धरले तर २११ रुपये ३४ पैसे. पूर्ण रुपयात आणले की एकीकडे २१२ आणि दुसरीकडे २११. रुपयाचा फरक हजारो खात्यांत पसरला की तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा ताळा) जुळत नाही आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात रात्री जातात. कोणता नियम धरायचा हे तुमच्या पोटनियमांवरून आधी ठरवावे आणि मगच निकाल पैशापर्यंत ताडून पाहावा. मुदतीपूर्वी मोडलेली ठेव आणि पिग्मी एजंटाने (घरोघरी रोजची बचत गोळा करणाऱ्याने) उशिरा आणलेला भरणा, हे दोन्ही व्यवहार चाचणीत हवेतच.

दोन खिडक्या यांचा प्रतिसाद
तारखेचा आग्रह सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटनमधील टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५० लाख ग्राहकांची खाती एकाच शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर नेली. पुढे झालेल्या चौकशीत असे दिसले की दोन डेटा सेंटरपैकी एकाचीच भाराची (एकाच वेळी अनेक ग्राहक आले तर प्रणाली टिकते का याची) चाचणी झाली होती. असंख्य ग्राहकांना आपलेच खाते उघडता येईना, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला एकूण ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. तुमचा व्याप लहान असला तरी धोका त्याच जातीचा आहे. मार्चअखेरीस कर्मचारी ताळेबंदात गुंतलेले असतात, तेव्हा नव्या पडद्यांशी त्यांची झुंज लावू नये. एप्रिल ते जून दोन्ही प्रणाली चालवाव्यात, रोज संध्याकाळी रोख शिल्लक आणि तेरीज ताडावी, जूनअखेरची व्याज आकारणी दोन्हींत करावी आणि ती जुळली तरच जुनी बंद करावी. दुप्पट नोंदींचा त्रास होईल, त्यासाठी तीन महिन्यांपुरता एक माणूस जादा घ्यावा.

खतावणी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज जुन्या यादीतून असा अर्धा र असलेली सगळी नावे काढली. ४१ निघाली आणि त्यांतले एकही शोधात सापडले नाही. ही यादी आणि ३६५-३६६ चे उदाहरण सोमवारी संचालकांपुढे ठेवत आहे.