ऑनलाइन मेंबरशिप: कोणत्या कन्सोलची घ्यावी?

रात्रपाळी: रात्री दीडला घरी येतो, तासभर खेळतो. ऑनलाइन क्वचितच, भावाबरोबर फुटबॉल आणि फोर्टनाइट. मागच्या कन्सोलची हार्ड डिस्क अचानक गेली आणि ऐंशी तासांचा सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) बुडाला. बॅकअप नव्हता, चूक माझीच. आता नवीन घेतोय. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स की स्विच?

जुनाखेळाडू: सेव्हचं दुःख असेल तर एक्सबॉक्स बघ. तिथे क्लाउड सेव्ह, म्हणजे सेव्हची प्रत नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणं, फुकट आहे. प्लेस्टेशनवर त्यासाठी प्लेस्टेशन प्लस ही मेंबरशिप लागते, निन्टेन्डोच्या स्विचवरही मेंबरशिप लागते, आणि स्विचचे काही गेम तर क्लाउडवर सेव्ह ठेवूच देत नाहीत. स्प्लाटून २ त्यातलाच.
फोर्टनाइटसाठी मात्र कुठेच पैसे भरू नकोस. फुकटच्या गेमवरची मेंबरशिपची अट एक्सबॉक्सनेही २०२१ मध्ये काढली. फुटबॉल विकतचा असेल तर ऑनलाइन सामन्याला तिन्हीकडे मेंबरशिप हवीच.

बटणफोड्या: प्लसचे महिन्याचे गेम 'फुकट' म्हणतात, पण मेंबरशिप संपली की कुलूप! परत भरली की उघडतात. मी तर खेळायला वेळ नसला तरी दर महिन्याला ते लायब्ररीत टाकून ठेवतो, सवयच लागलीय.

रात्रपाळी: म्हणजे माझा प्रश्न भावाकडे कोणता कन्सोल आहे हाच होता. त्याच्याकडे एक्सबॉक्स आहे. विचारायला हवं होतं आधी!

जुनाखेळाडू: मग झालंच की. पण पहिला सेव्ह झाल्यावर क्लाउडवर गेला का ते बघ, नेट लावायला विसरशील.